शिवलेली उत्तरं

दहावीच्या पहिल्या तासाला घरतबाई वर्गात आल्या त्या सुईदोरा घेऊन. बीजगणिताची पुस्तकं त्यांनी प्रत्येकीकडून मागून घेतली आणि मागची उत्तरांची पानं शांतपणे टाके घालून एकमेकांना शिवून टाकली. आम्ही पोरी एकमेकींची तोंडं बघत राहिलो. आजवर आमचं सगळं गणित त्या पानांवरच चाललेलं. आधी मागचं उत्तर बघायचं, मग मधल्या पायऱ्या कशाबशा ओढूनताणून तिथवर न्यायच्या.

"परीक्षेत मागची पानं नसतात गो," बाई म्हणाल्या. "ताळा करा. ताळा जमला का उत्तर बरोबर."

बाई मूळच्या धसईच्या, भातशेती करणाऱ्या घरातल्या. टोकावड्याला खोली घेऊन एकट्या राहायच्या. मारायच्या कधीच नाहीत, पण त्यांच्या 'का?'ला आम्ही छडीपेक्षा जास्त घाबरायचो. पाच पलीकडे नेले, का? चिन्ह बदललं, का? उत्तर येईपर्यंत पोरगी फळ्यापाशी उभी. माझी तर बोबडी वळायची. एकदा हातातला खडूच खाली पडला. बाईंनी तो उचलून परत माझ्या हातात दिला. "भ्यायचं तर भी. पन भिता भिता पुढची पायरी लिही," म्हणाल्या.

माझ्या भीतीला कारण होतं. सरळगावच्या एका स्थळाने मला बघून पसंत केलं होतं. नापास झालीस तर दुसऱ्यांदा बसवणार नाही, असं बाबांनी स्वच्छ सांगितलं होतं. सहामाहीत बीजगणितात माझी दांडी उडाली. दुसऱ्याच दिवशी बाबा शाळेत आले. परीक्षेला बसवून उगाच शोभा कशाला, आत्ताच काढतो म्हणाले. मी दाराशी उभी होते. बाई भांडतील असं वाटलं होतं, पण त्यांनी सगळं ऐकून घेतलं. शेवटी बाबांनी विचारलं, "पास होईल अशी खात्री देता का बाई?"

"नाय देत," बाई म्हणाल्या. "पन ती रोज भिते आन् रोज येते. परीक्षेपर्यंत थांबा."

बाबा थांबले. तिथून पुढे शाळेआधी रोज मी बाईंच्या खोलीवर. चुलीवर भात रटरटायचा आणि मी पायरीमागून पायरी मोठ्याने म्हणायची. पायरी गाळली की बाई ढवळायच्या थांबायच्या. मागे वळून बघायच्यासुद्धा नाहीत. मला माझी चूक तेवढ्यावरून कळायची.

परीक्षेचं केंद्र मुरबाडला होतं. बाई रजा टाकून आमच्याबरोबर एसटीने आल्या. पेपरात एका आयताचं गणित होतं. लांबी रुंदीच्या दुपटीहून तीनने जास्त, परिमिती तेहेतीस. माझी रुंदी आली साडेचार. आमच्या पुस्तकात उत्तरं कशी गोल गोल, पूर्ण यायची. खोडायला रबर उचललं आणि मग ताळा केला. साडेचारची दुप्पट नऊ, तीन मिळवून बारा. बारा आणि साडेचार साडेसोळा. त्याची दुप्पट तेहेतीस. रबर खाली ठेवलं आणि भिता भिताच पुढचं गणित घेतलं.

निकालाच्या दिवशी बाई शाळेत दिसल्याच नाहीत. पास झाल्याचं कळताच मी खोलीकडे पळाले. भर दुपारी दार आतून लावलेलं. हाका मारल्यावर ते फटीएवढं उघडलं.

"पास," मी म्हटलं.

बाई उंबऱ्यातच खाली बसल्या. मग सांगू लागल्या. आदल्या वर्षी निकालानंतर त्यांची एक नापास झालेली विद्यार्थिनी याच दारात आली होती, स्वतःच्या लग्नाची पत्रिका द्यायला. सकाळपासून दाराकडे बघवत नव्हतं, म्हणाल्या.

तेवढ्यात मागून बाबा पेढे घेऊन आले. त्यांनी पुडा पुढे केला. बाईंनी हात लावला नाही.

"अकरावीला घालनार ना पोरीला?"

बाबांनी माझ्याकडे बघितलं.

"घालतो," ते म्हणाले.

मग बाईंनी पेढा उचलला. तो तोंडापर्यंत नेताना त्यांचा हात इतका थरथरत होता की अर्धा पेढा पदरात सांडला. वर्षभर आपण एकटीच भीत होतो, असं मला वाटत होतं.