त्रिंबकबाबाला मेंढरं दाखवायची होती

तर हिरवळ फस्त झालेली बघून कंपनीचा साहेब तरातरा बाहेर आला, इथवर काल आलो होतो. खरी मजा त्याच्या पुढंच आहे. साहेब लालबुंद, माळी पांढराफटक, आणि त्रिंबकबाबा आपला काठीवर हनुवटी टेकून निवांत उभा. साहेबानं विचारलं, ही हिरवळ कुणी खाल्ली? बाबा म्हणाला, खाल्ली कशाला, कापली. तुमचा माळी कापतो ती कुठं उंच राहते, कुठं बुटकी. माझ्या मेंढरांनी बघा, न्हाव्यानं भादरल्यागत एकसारखी केली, वर खत टाकून गेली ते वेगळंच. साहेब आधी डोळे वटारून बघत राहिला आणि मग असा हसला की आतल्या बाबू लोकांनी खिडक्या उघडल्या. तेव्हापासून महिन्यातून एकदा त्या कंपनीचं फाटक मेंढरांसाठी उघडायचं, आणि वॉचमन बाबाला सलाम ठोकायचा.

असा हा त्रिंबकबाबा. चिकलठाण्याच्या माळावर कंपन्या यायच्या आधीपासूनचा धनगर. माळाला तारेचं कुंपण पडलं, मग भिंती झाल्या, भिंतींवर काचा बसल्या. बाबा दर वर्षी वाट बदलत गेला, पण खांड काही मोडलं नाही. खांड म्हणजे मेंढरांचा कळप. आणि त्या खांडाच्या जोडीनं त्यानं अजून एक जीव वाढवला, तो मल्हारी.

मल्हारीचे आईबाप लवकर गेले. बाबानं त्याला पोटच्या पोरासारखं ठेवलं नाही, चेल्यासारखं ठेवलं. म्हणजे माया कमी आणि शिव्या जास्त. मेंढराच्या पुढं चालायचं, मागून काठी हाणायची नाही, हे त्यानं मल्हारीला शिव्यांतूनच शिकवलं. लांडगा दिसला की घालायची हाळी निराळी, तीही शिकवली. ती ऐकली की सगळी मेंढरं डोकी आत आणि शेपट्या बाहेर करून एकमेकांना अशी चिकटतात की मध्ये सुई जायची नाही. मग मेंढका, म्हणजे त्यांचा राखणदार, स्वतः त्यांच्यात जाऊन निवांत बसेपर्यंत ती जागची हलत नाहीत. मेंढका बसला म्हणजे लांडगा गेला, एवढंच त्यांना कळतं.

बाबाचा पोरगा बद्रीनाथ मात्र मेंढरांकडं वळला नाही. कंपनीत लागला आणि गारखेड्यात दोन खोल्या घेऊन राहिला. बाबाच्या छातीत दुखणं शिरलं तेव्हा त्यानं बापाला टेम्पोत घालून तिकडं नेलं. टेम्पोत चढता चढता बाबानं मल्हारीचं मनगट धरलं. म्हणाला, मरायच्या आधी खांड एकदा माझ्या पुढ्यात आण. धन्यानं खांडाचा निरोप घेतला नाही तर ते तुझंही होत नाही आणि माझंही राहत नाही. मल्हारीनं मान हलवली. शब्द दिला तो तेवढाच, पण दिला.

पुढं हिवाळा आला आणि त्यासोबत नामांतराचा वणवा. विद्यापीठाला बाबासाहेबांचं नाव द्यायचं की नाही, यावरून सोळा-सतरा वर्षं मराठवाडा धुमसत होता, आता निकाल अगदी तोंडावर आला होता. आज यांचा मोर्चा, उद्या त्यांचा बंद. चहाच्या टपरीवर बसलेली माणसं आधी बाकावर कोण कोण आहे ते बघायची, मग बोलायची.

अशाच एका बंदच्या सकाळी साहेबराव मल्हारीच्या दाराशी आला. साहेबराव कंपनीत मेंटेनन्सला, राहायला गारखेड्यात, बद्रीनाथच्या घराजवळ. नामांतरासाठी तो जीव टाकायचा, आणि का टाकू नये? पहिल्या दंगलीत त्याच्या चुलत्याचं घर गावकऱ्यांनीच पेटवलं होतं. रात्रपाळी करून घरी पोचला, तो न झोपता तसाच माघारी आला होता. त्यानं निरोप सांगितला: डॉक्टरनं हात टेकलेत, सुगंधाबाई म्हणते, बाबा दुपार बघतील की नाही सांगता येत नाही.

सुगंधाबाई म्हणजे बद्रीनाथची बायको. ती उगीच बोलणारी नव्हे.

मल्हारीच्या बायकोनं, पारूबाईनं, एकट्यानं सायकलवर जा म्हणून त्याला विनवलं. आजच्या दिवशी शंभर जित्राबं घेऊन शहरात जाणं म्हणजे आगीत चारा नेणं. साहेबरावचंही तेच म्हणणं, तेवढं सांगून तो सायकलनं मोर्चाकडं गेला. पण मल्हारीच्या मनगटावर अजून ती पकड होती. त्यानं मेंढरांभोवती लावलेलं वाघरीचं जाळं सोडलं, भुरी मेंढी पुढं घेतली आणि निघाला.

पूर्वी चिकलठाण्यातून पांदीनं, म्हणजे गाडीवाटेनं, खाली उतरलं की नीट गारखेडा. आता पांदीच्या तोंडावर कंपनीची भिंत, तिच्या पलीकडं आखलेले प्लॉट. राहिला तो जालना रोड. एरवी त्या रस्त्यावर ट्रकांपुढं माणूस धड उभा राहायचा नाही. त्या दिवशी तो सताड मोकळा होता, आणि त्या मोकळेपणाचीच मल्हारीला भीती वाटत होती. दुकानांची शटरं खाली. मेंढरांच्या खुरांचा आवाज भिंतीवर आपटून माघारी येत होता. मुकुंदवाडीजवळ एका गच्चीवरून म्हातारी ओरडली, पोरा, जीव नको झाला का रे तुला. मल्हारीनं वर पाहिलं नाही. एकच हिशोब त्याच्या डोक्यात घुमत होता: दुपारच्या आत.

पुढच्या चौकात त्याची वाट संपली. डाव्या अंगाला निळे झेंडे, उजव्या अंगाला नामांतराला विरोध करणारे, त्यांत चिकलठाण्याची आठ-दहा ओळखीची तोंडं. मधे पोलिसांची फळी. घोषणा थांबल्या होत्या. घोषणा थांबल्या की पुढं काय होतं, हे त्या वर्षी शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं. फौजदारानं मेंढरं बघितली आणि हातानंच खूण केली, लवकर काढ.

खांड बरोबर मधोमध आलं आणि कुठून तरी एक धोंडा येऊन शटरवर धाडकन आदळला.

मेंढरं दचकली. मल्हारी त्यांच्याहून जास्त दचकला. आणि तीस वर्षांची सवय तोंडातून बाहेर पडली. त्यानं लांडग्याची हाळी घातली.

झालं. सगळं खांड चौकाच्या मधोमध गोळा झालं. डोकी आत, शेपट्या बाहेर. पोलीस एकीकडं, पोलिसांची गाडी दुसरीकडं, आणि दोन्ही जमावांच्या मधे लोकरीचा एक मोठा गठ्ठा. शिपायानं काठी रस्त्यावर आपटली, तशी ती अजून घट्ट झाली. फौजदार धावत आला. त्याला वाटलं, हा ठरवून केलेला रस्ता रोको आहे.

"कुणी पाठवलं रे तुला? कुणाचा माणूस तू?"

मल्हारी म्हणाला, कुणी नाही साहेब, माझ्या गुरूला दाखवायला चाललो. फौजदाराला ते थट्टेसारखं वाटलं, त्याचा चेहराच बदलला. उजवीकडून कुणीतरी ओरडलं, निळ्यांनी पैसे दिलेत याला. डावीकडून दुसरा ओरडला, आपल्यावर मेंढरं सोडलीत. दोन्हीकडची माणसं दोन-दोन पावलं पुढं सरकली. ऊन डोक्यावर चढत चाललं होतं. आता मेंढरांना तिथून उठवायचा एकच उपाय होता, आणि तो करायला मल्हारीचे पाय तयार नव्हते. दगडांच्या तोंडावर, फौजदाराच्या काठीखाली, खाली बसायचं. तेही निवांत. मेंढराला सोंग कळतं.

तो बसला. भुरीच्या पोटाला पाठ लावून डांबरावर मांडी घातली, बंडीतून चंची काढली आणि तंबाखू मळायला लागला. चुना तळहातावर कमी आणि धोतरावर जास्त पडला. फौजदाराची काठी त्याच्या डोक्यावर उगारलेली होती. मल्हारी तिच्याकडं बघत नव्हता, बघितलं असतं तर उठून पळाला असता.

तेवढ्यात निळ्या झेंड्यांतून एक माणूस दोन्ही हात वर करून बाहेर आला. साहेबराव. रात्रीची झोप नव्हती, डोळे लाल. तो फौजदाराशी काही बोलला नाही. मेंढरांना वळसा घालून आला आणि मल्हारीच्या शेजारी मांडी घालून बसला.

"चिमूटभर दे मल्हारीभाऊ," म्हणाला. मग फौजदाराला म्हणाला, "म्हातारं मरायला टेकलंय साहेब. निरोप म्याच दिला याला. दोन मिनिटं काठी खाली घ्या, मेंढरं आपोआप उठतील."

उजव्या बाजूनं चिकलठाण्याच्या रामकिसननं टोमणा मारला, मल्हारी, शेवटी तिकडंच जाऊन बसलास व्हय? मल्हारी तंबाखूच मळत राहिला. तेवढ्यात रामकिसनच्या मागच्या एका पोरानं धोंडा उचलला, आणि रामकिसननंच वळून त्याच्या थोबाडीत दिली.

"पुढच्या आठवड्यात माझ्या रानात बसवायचीत ती मेंढरं. दगड लागला तर रानाला खत कोण घालणार, तुझा बाप?"

दोन्हीकडं खसखस पिकली. फार नाही, पण फौजदाराची काठी खाली यायला तेवढी पुरली. भुरीनं अंग झाडलं. एकीनं डोकं बाहेर काढलं, मग दुसरीनं. मल्हारी उठला आणि मागं न बघता गारखेड्याच्या रस्त्याला लागला. मेंढरं त्याच्या मागं. कोपरा वळला न वळला तोच पाठीमागं शटरांवर पुन्हा दगड वाजायला लागले. साहेबराव तिथंच राहिला होता. त्याच्या कपाळाला त्या दिवशी टाके पडले, हे मल्हारीला दुसऱ्या दिवशी कळलं. त्या वेळी त्याला फक्त पुढचं दिसत होतं. दोनदा त्याला वाटलं, पळावं. पण मेंढका पळाला की खांड पळतं, म्हणून दात आवळून तो चालीनंच चालला.

बद्रीनाथची गल्ली अरुंद, दोन्हीकडं नवी सिमेंटची घरं. सुगंधाबाई उंबऱ्यातच उभी होती. तिच्या तोंडाकडं बघायचं मल्हारीचं धाडस होईना. ती एवढंच म्हणाली, हायेत अजून, पण दिसत नाही त्यांना, सकाळपासून बोललेही नाहीत.

मल्हारी आणि बद्रीनाथ दोघांनी मिळून खाट दारापर्यंत ओढली. बाबाची नुसती हाडं उरली होती, डोळ्यांवर साय आलेली. गल्लीभर मेंढरं दाटली. शेजाऱ्यांनी कुरकुर करायला दारं उघडली होती, ती माणसं तशीच उभी राहिली. मल्हारीनं भुरीला पुढं घेतलं आणि बाबाचा हात तिच्या कपाळावर ठेवला. हात बराच वेळ नुसता पडून होता. मग बोटं लोकरीत शिरली. दुसरी मेंढी आली, तिसरी आली, आणि हात एकीवरून दुसरीवर सरकत गेला. सुगंधाबाईनं पदर तोंडाला लावला.

वाटभर मल्हारीनं किती बोलायचं योजलं होतं. तुम्ही नसता तर मी कुठं असतो, असं काहीबाही. ते सगळं राहिलं. तो खाटेशी खाली बसला आणि बाबाच्या कानाला तोंड लावून म्हणाला, "बाबा, समदी आणली. मला काय सांगायचं आसल तं सांगा."

बाबाचे ओठ हलले. मल्हारीनं कान त्या ओठांशी नेला.

"मागं एक लंगडतीय, येतानाच ऐकलं म्या. माझ्यापाशी काय बसलास? जा, तिचा पाय बघ आधी. मला आता कुठं चालायचंय?"