पंचशीलनगरच्या कोपऱ्यावरचा फलक

ती घटना अजून माझ्या मनातून गेलेली नाही. खरं सांगायचं तर ती मला नीट कळलेलीही नाही. नोकरीत खून पाहिले, दरोडे पाहिले. त्यांचा तपास कागदावर संपला की डोक्यातूनही संपायचा. हा नुसता एक फलक नाहीसा झाल्याचा मामला होता, आणि निवृत्तीनंतरही दुपारी जरा आडवा झालो की तोच आठवतो.

कलबुर्गीतल्या एका ठाण्याचा मी तेव्हा इन्स्पेक्टर होतो. माझं गाव बसवकल्याण तालुक्यातलं राजेश्वर. घरात मराठी आणि कन्नड दोन्ही, ठाण्यातलं लिखाण सगळं कन्नडमध्ये, आणि हद्दीत फिरताना दखनी उर्दू. कोणाचंही नाव मी इथे देणार नाही. वस्तीचं नावही बदललं आहे, तिला पंचशीलनगर म्हणू.

बीदरकडच्या खेड्यांतून मजुरीला आलेल्या बौद्ध कुटुंबांनी ही वस्ती शहराबाहेर वसवली होती. आधी तिथे दगडाची जुनी खाण आणि बाभळी होत्या. पुढे रिंग रोड झाला, शहर तिकडे सरकलं आणि वस्तीला खेटून उंच इमारती उभ्या राहिल्या. दोन्हींच्या मधून एकच रस्ता. त्याच्या तोंडाशी लोखंडी खांबावर निळा फलक होता, पांढऱ्या अक्षरांत वस्तीचं नाव लिहिलेला. तोपर्यंत वस्तीतली मुलंही शिकून नर्स, शिक्षक, इंजिनिअर झाली होती. दलाल मोटारसायकलवरून फिरून घर विकता का विचारत. फ्लॅटमधली माणसं मात्र आपल्या पत्त्यात पंचशीलनगर लिहीत नसत, 'रिंग रोडजवळ' एवढंच लिहीत.

एका सकाळी हजेरी चालू असताना वस्तीतली एक डॉक्टरीणबाई ठाण्यात आली. तिशीच्या आतली, फिजिओथेरपिस्ट. वडिलांच्या घराच्या पुढच्या खोलीत तिने दवाखाना काढला होता. फलकाचा खांब त्या खोलीच्या अगदी समोर होता.

"साहेब, फलक गेला तेव्हा आम्हाला वाटलं महापालिकेनं काढला," ती म्हणाली. "रस्ता रुंद करायलेत म्हणून गप्प बसलो. आता हे बघा."

तिने मोबाइल पुढे केला. शेजारच्या इमारतीच्या ग्रुपवर एका तरुणाने लिहिलं होतं, 'तो बोर्ड आहे तोवर आपल्या फ्लॅटला भाव येणार नाही. कोणीतरी काहीतरी करायला पाहिजे.' फलक गेला त्याच्या आधीच्या आठवड्यातला मजकूर होता तो.

"त्याला अटक करा," ती म्हणाली. "अत्याचार प्रतिबंधक कायदा लावा. आमचं नाव पुसायलेत हे लोक."

मी तक्रार नोंदवून घेतली. त्या कायद्याखाली तपास सहायक आयुक्तांच्या दर्जाच्या अधिकाऱ्याकडे जातो. साहेबांनी मला जागेवर जाऊन चौकशी करायला सांगितलं आणि वर म्हणाले, "घाई करू नका, पण उशीरही करू नका." असे हुकूम आम्हाला नेहमी मिळतात.

खांबाजवळ गेलो. पोलिसाला राग ओळखता येतो. रागाने तोडलेल्या वस्तूला ओरखडे असतात, वाकलेले कोपरे असतात, खाली तुकडे पडलेले असतात. इथे तसलं काहीच नव्हतं. फलक पाना लावून व्यवस्थित सोडवलेला होता. एवढंच नाही, तर सोडवलेले नट पुन्हा त्याच बोल्टांवर फिरवून ठेवले होते. माझ्या हेड कॉन्स्टेबलला मी ते दाखवलं. तो म्हणाला, "सर, चोर असं कशाला करंल?" मलाही ते कळलं नाही.

त्या तरुणाला चौकशीला बोलावलं. एका खासगी बँकेत नोकरी, नवीन लग्न झालेलं. बस म्हणायच्या आधीच तो बोलू लागला.

"सर, मी लिहिलं हे खरं आहे. पण मी काढला नाही."

"लिहिलंस कामून मग?"

"सगळेच बोलतात, सर. मी लिहिलं." मग तो म्हणाला, "डॉक्टर मॅडम फार चांगल्या आहेत. माझ्या आईचा खांदा त्यांनीच बरा केला. मी त्यांच्या विरोधात नाही. फक्त तो पत्ता..."

अनेक गुन्हेगारांना बोलताना मी पाहिलं आहे. हा खोटं बोलत नव्हता. पण तो खरं बोलतोय म्हणून माझ्या मनाला बरंही वाटलं नाही. हा माझ्याच समाजाचा, आमच्यासारखंच गळ्यात इष्टलिंग बांधणारा मुलगा. जात मानू नये हे त्याने माझ्यासारखंच लहानपणापासून ऐकलेलं असणार.

दुसऱ्या दिवशी वस्तीतली माणसं ठाण्यासमोर धरणं धरून बसली. डॉक्टरीणबाई पुढे होती. तिकडे इमारतीच्या खिडकीवर कोणीतरी दगड मारला. फ्लॅटवाल्यांचे फोन वरिष्ठांना गेले, वरिष्ठांचे मला आले. संध्याकाळपर्यंत त्या तरुणाला अटक दाखवायची की नाही हे ठरवायचं होतं. अटक झाली असती तर त्याची नोकरी गेली असती आणि लवकर जामीनही मिळाला नसता. केली नसती तर वस्ती म्हणाली असती, पोलीस त्यांचेच. दोन्ही बाजूंचं म्हणणं मला पटत होतं, आणि अधिकाऱ्याची याहून वाईट अवस्था नसते.

त्याच दुपारी फलकाच्या कोपऱ्यावर चहाची गाडी लावणाऱ्या म्हाताऱ्याकडे मी चहा घेतला. त्यालाही फ्लॅटवाल्यांनी गाडी हलवायला सांगितलं होतं, पण सकाळी चालून आले की चहा त्याच्याकडेच पीत. पैसे देताना मी सहज विचारलं, "चाचा, तुम्ही पहाटेच येता. काही दिसलं नाही?"

"सब लोगां पूछे, कौनसा लडका था," तो म्हणाला. "लडका नै था साब. सिरफ पीठ दिखी. सीडी पो चढने के पैले हात जोड्या."

"हात जोडले? कोणाला?"

"बोर्ड कू, साब."

चेहरा दिसला का, असं विचारलं. तो नाही म्हणाला, पण म्हणताना किटलीकडे बघत होता.

मी जीपमध्ये येऊन बसलो. फलकाला हात जोडणारा माणूस, आणि नट पुन्हा बोल्टावर फिरवून ठेवणारा माणूस. हेड कॉन्स्टेबलला विचारलं, "वस्तीत शिडी-पान्याचं असं काम कोण करायचं रे?"

तो जीपबाहेर बघत म्हणाला, "सर, डॉक्टरीणबाईचे वडील वीज खात्यात लाइनमन होते."

मुलगी धरण्यावर होती, तेव्हा मी एकटाच त्यांच्या घरी गेलो. गणवेश अंगावर असला तरी टोपी काढून हातात घेतली. वडील दारात खुर्ची टाकून बसले होते. मी राजेश्वरचा आहे म्हटल्यावर त्यांचा चेहरा जरा सैल झाला.

"मी मुडबीचा, तुमच्याच तालुक्यातला," ते म्हणाले. "तरणा होतो तवाच सुटलं गाव. बसा. च्या घेता?"

चहा येईपर्यंत आम्ही मुडबीच्या बाजाराबद्दल आणि तुरीबद्दल बोललो. मग मी विचारलं, "फलक कुणी लावला होता, अप्पा?"

"आमीच. मी आन माझे सोबती. खांब मीच रोवलो."

"आणि काढला कुणी?"

ते समोरच्या खांबाकडे बघत राहिले. आरोपी गप्प बसला की दुसरा प्रश्न विचारायचा नाही, हे मी नोकरीच्या सुरुवातीला शिकलो होतो. मी कपातली साय बाजूला करत राहिलो.

"लावणारा हात आन काढणारा हात एकच हाय, साहेब," ते शेवटी म्हणाले.

आतल्या खोलीत लोखंडी कपाटामागे फलक उभा होता, धुतलेल्या पांढऱ्या चादरीत गुंडाळलेला.

"कामून काढलात?"

"मी दिवसभर हितं बसतो. समोर गाड्या थांबत्यात. बाया उतरत्यात, फोनवर पत्ता बघत्यात, मग वर फलक बघत्यात. एक बाई मला इचारली, डॉक्टर इथेच राहतात का? मी म्हणलो, व्हय, माझी लेक हाय. ती म्हणली, फाइल गाडीत राहिली, आणते. गेली ती आलीच न्हाई. अशा किती गेल्या. लेक आत बसून म्हणायची, अप्पा, आज कुणी आलंच न्हाई. तिला काय सांगू?"

बोलताना त्यांनी दोन्ही हात गुडघ्यांवर घट्ट धरले होते.

"गावातनं शहरात आलो तवा भाड्यानं खोली मिळावी म्हणून मी आडनाव खोटं सांगलो होतो, साहेब. हितं आपली जागा झाली तवा ठरवलो, लेकरांवर ती पाळी नको. म्हणून एवढा मोठा फलक केला. लांबून दिसावा म्हणून."

आता याला काय विचारायचं? मी म्हटलं, "अप्पा, संध्याकाळी त्या पोराला अटक होईल."

"मला ठाव हाय. सकाळपासनं त्येच चाललंय डोक्यात. पर लेकीपुढं तोंड उघडंना."

"उघडावं लागेल."

ते आत गेले, धुतलेला सदरा घालून आले आणि माझ्याबरोबर जीपमध्ये बसले.

ठाण्यात तो तरुण बाकावर बसलेला होता. मी डॉक्टरीणबाईला आत बोलावलं. वडिलांना पाहून तिला वाटलं तेही साक्ष द्यायला आले. ती म्हणाली, "अप्पा, तुम्ही कशाला आलात उन्हाचं?"

"फलक मीच काढलो, बाई," ते म्हणाले. "ह्या पोराचा काही दोष न्हाई."

तिने माझ्याकडे पाहिलं. पोलिसांनी दबाव टाकून म्हाताऱ्याकडून हे बोलवून घेतलं, असंच तिला वाटलं असणार. मग तिने पुन्हा वडिलांकडे पाहिलं आणि तिला खरं कळलं.

"कामून, अप्पा?"

"पेशंट यावेत म्हणून. लोक फलक बघून माघारी जायलते."

"आणि काढल्यावर आले?"

वडिलांनी मान खाली घातली. "आले की. तूच म्हणलीस न्हवं परवा, अप्पा, आता जरा बरं चालायलंय म्हणून."

ती हळूच खुर्चीवर बसली. गेल्या काही दिवसांत जो दवाखाना चालू लागला होता, ज्याचं श्रेय तिने आपल्या हाताला दिलं असेल, त्याचं कारण तिला पोलीस ठाण्यात, ज्याच्यावर आरोप केला त्या पोराच्या शेजारी बसून कळत होतं. मी त्या वेळी बाहेर जायला हवं होतं, पण पाय निघाले नाहीत.

तो तरुण उठला आणि म्हणाला, "सॉरी, मॅडम."

"तुम्ही कशाला?" ती म्हणाली. "तुम्ही तर काढला नाहीत."

तिच्या आवाजात राग नव्हता. ते बोलणं त्याला सोडवणारं होतं की आणखी अडकवणारं, ते मला आजही सांगता येत नाही. त्यालाही कळलं नसावं. तो तसाच उभा राहिला.

पुढचं काम कागदाचं होतं. सगळ्यांचे जबाब घेतले. फलक वस्तीच्या मंडळाचा आणि वडील त्या मंडळाचे संस्थापक, त्यामुळे चोरी म्हणता येईना. आमच्याकडे तक्रारीत गुन्हा निघाला नाही की कोर्टात 'बी रिपोर्ट' पाठवतात, म्हणजे वस्तुस्थितीबद्दल गैरसमज झाला होता असं कळवतात. तो मी तयार केला आणि साहेबांच्या सहीने गेला. साहेब खूश झाले, म्हणाले, "चांगलं मिटवलंत." मिटलं होतं खरं, पण काय मिटलं हे मला विचारलं असतं तर सांगता आलं नसतं. त्या बायका फाइल आणायला म्हणून गेल्या आणि आल्या नाहीत, तो गुन्हा नव्हता. त्या तरुणाने लिहिलं ते वाईट होतं, पण फलक त्याने काढला नव्हता. ज्याने काढला त्याच्याइतकं त्या फलकावर प्रेम कोणाचंच नव्हतं.

त्याच संध्याकाळी धरणं उठलं. डॉक्टरीणबाईने बाहेर जाऊन सगळ्यांना एवढंच सांगितलं की फलक मिळाला आहे आणि आजच लागेल. कोणाकडे मिळाला, ते तिने सांगितलं नाही, आणि आम्हीही नाही. शिडीवर ती स्वतः चढली. वडील खाली शिडी धरून उभे होते. रस्त्याच्या पलीकडे फ्लॅटच्या बाल्कन्यांत माणसं उभी राहून बघत होती. त्यांना काय वाटत होतं, कोण जाणे.

निवृत्तीच्या थोडं आधी बस स्टँडजवळ डॉक्टरीणबाईचे वडील भेटले. मी दवाखान्याचं विचारलं.

"चालायलाय," ते म्हणाले. "काही यायलेत, काही न्हाई. त्या पोराची आई यायली अजून."

"आणि तुम्ही? दारातच बसता?"

"न्हाई आता. लेक बसू देत न्हाई. म्हणती, कोण माघारी चाललंय ते बघत बसू नका, अप्पा, आत बसा."

तपासात माणूस खरं बोलतो की खोटं, एवढं ओळखता आलं की काम होतं, असं मी नव्या पोरांना शिकवत आलो. या प्रकरणात पहिल्या दिवसापासून जवळजवळ सगळे खरंच बोलत होते. ते ओळखूनही मला काही करता आलं नाही. यातून काय शिकलो म्हणाल तर इतकंच, की नोंदवता येणारा गुन्हा सापडला नाही म्हणजे कोणाचं काही गेलंच नाही, असं समजून मी फाइल बंद करत होतो, ते त्या दिवसापासून जमेनासं झालं.

बस लागली होती. मी वडिलांना विचारलं, "आत बसून बरं वाटतं का?"

"वाटतंय की," ते म्हणाले. "पर गाडी थांबल्याचा आवाज आला की मी श्वास धरून बसतो, साहेब. दार वाजेपतूर."