काचपट्टीवर आलेली माणसं

लॅबमध्ये माणसाआधी त्याची बाटली येते. थुंकीची डबी, रक्ताची नळी, गाठीचा तुकडा. मागून माणूस येतो आणि काहीतरी बोलून जातो. परभणीत टेक्निशियन म्हणून अठरा वर्षं झाली. जुन्या स्लाइड नियमानं टाकून देता येतात, हे बोलणं कुठं टाकायचं?

*

जिंतूरकडचे एक मेंढपाळ बाबा. थुंकीत टीबीचे जंतू सापडले.

"बाबा, पत्ता सांगा."

"मेंढरं बसतील तितं."

"अहो, सहा महिने गोळ्या चालतील. पाठवू कुठं?"

त्यांनी डोळे मिटले. "पैल्या महिन्यात चुडाव्याच्या टेसनापाशी. मंग सोनपेठच्या अंगाला, गोदागंगेकाठी..." असे सहाच्या सहा मुक्काम सांगितले. मी पत्त्याच्या रकान्यात तेच लिहिले.

गोळ्यांचं पाकीट एकदाही परत आलं नाही!

*

एका बाईला मी खिडकीतूनच सांगितलं, "मुलाचा रिपोर्ट निगेटिव्ह आहे."

ती मटकन खालीच बसली. "माज्या लेकराचं आता कसं ओ?"

मी बाहेर धावलो. "माय, टीबीचे जंतू नाहीत त्याच्यात!"

डोळे पुसत ती माझ्यावरच उखडली. "मंग तसं सांगा की! निगेटिव कामून म्हनायलाव?"

तेव्हापासून 'जंतू दिसले नाहीत' एवढंच म्हणतो.

*

एका म्हाताऱ्याच्या जिभेवरच्या जखमेचा तुकडा तपासायला आला. बाटली आणणारा त्याचा मुलगा, चाळिशीचा. तुकडा टिकावा म्हणून बाटलीत फॉर्मालिन भरून देतात. झाकण उघडलं तर आत साधं पाणी!

"औषधाचा लय वास यायलाता साहेब. सांडून दिलं, चांगलं फिल्टरचं पानी भरलं."

तुकडा सडला होता. आमच्या पॅथॉलॉजिस्ट मॅडम स्वतः बाहेर, म्हातारा बसला होता तिथं आल्या. "बाबा, पुन्हा तुकडा काढावा लागेल."

मुलगा भिंतीकडं तोंड करून रडायला लागला. म्हाताऱ्याला बोलता येत नव्हतं. त्यानं मुलाच्या पाठीवर हात ठेवला आणि तिथंच, व्हरांड्यात, मॅडमसमोर आ वासला.

*

कॅन्सरच्या रिपोर्टवर सही करण्याआधी मॅडम उठतात, हात धुतात, खिडकीपाशी उभ्या राहतात. एकदा एका नव्या डॉक्टरनं विचारलं, "मॅडम, अजून शंका आहे का?"

"शंका नाही रे. बाहेर बाकावर पेशंटच्या घरचे चहा पितायत. पिऊ दे."

*

गिरजाबाईंच्या छातीत गाठ होती. कॅन्सर निघाला. नवरा हात जोडून म्हणाला, "तिला सांगू नका." तेवढ्यात दारातून गिरजाबाईच आत आल्या. "मला न्हाई तर कुनाला सांगताव? गाठ माजी हाय. दावा मला."

मॅडमनी त्यांना मायक्रोस्कोपसमोर बसवलं. स्लाइडवरच्या पेशी नीट दिसाव्यात म्हणून त्यांना गुलाबी-जांभळा रंग दिलेला असतो. गिरजाबाई बराच वेळ बघत राहिल्या. नवरा घाम पुसत होता.

"मॅडम, ह्यो रंग तुमी देताव का तिचाच हाय?"

"आम्ही देतो."

"लय देखना हाय ओ," त्या म्हणाल्या आणि उठल्या.

ऑपरेशन झालं. मग केमो. वर्षभरानं एक बारीकशी बाई लॅबच्या दारात उभी राहिली. डोक्यावर घट्ट पदर, खाली नुकते फुटलेले केस. मॅडम तिच्या तोंडाकडं बघत राहिल्या, ओळख पटेना.

तिनं पदराचं टोक मॅडमपुढं धरलं. गुलाबी, जांभळ्या काठाचं.

"तोंड कामून बघायलाव? रंग बघा की!"