कोणाची छाती खरी दुखते?

दुसरीपर्यंत शिकलेल्या बाईनं डाक्टरच्या छातीतला रोग पकडला म्हणलं, तर खरं मानशील काय? नको मानू! लाव पैज.

पोरी, तू आता आली नर्स म्हणून. मी याच दवाखान्यात झाडू मारला, पट्ट्या धुतल्या, तेव्हा जिल्हा फुटला नव्हता, हा साराच चांदा जिल्हा होता. दवाखान्यातले किस्से घरात उंदरं वाढावे तसे वाढते. एक हाकलला का चार निघते. पण मले एकच खाज होती. छातीसाठी ओरडते कोण, अन् पडते कोण? आमचे डाक्टरसाहेबच एक दिवस पडतील, याचं मले लई भेव होतं.

*

पाटलीणबाई दर बाजाराले आपली शिशी घेऊन यायची. "साहेब, छातीत घोडा पळून राह्यला!"

एका बाजाराले तिचं औषध संपलं होतं. मी गुळाच्या पाण्यात ओवा उकळला, शिशीत भरला, वरतून डोसाच्या खुणांची कागदी पट्टी चिकटवली. पुढच्या बाजाराले बाई उड्या मारतच आली. "हे औषध खरं! पयलेचं नुसतं पाणी होतं!"

साहेब माझ्याकडे पाहून राह्यले. मी गुपचूप झाडू उचलला.

सून माहेरी गेली का तिचा घोडा बांधलेला. सून आली का सुटला! मी विचारलं, "बाई, सून घोड्यावर बसूनच येते काय?" दोन महिने बोलली नाई माझ्याशी. अन् घोड्यासकट म्हातारी झाली, पाह्य!

*

लोकाईले वाटे, साहेबांची कानातली नळी म्हणजेच औषध. धान पिकवणारा एक बुढा चिडला. "दुखते गुडघा, अन् नळी छातीले काऊन?"

साहेब घाईत. "पुढचा!"

बुढा हलेच ना. मंग साहेब आत गेले तशी मीच नळी उचलली, त्याच्या गुडघ्याले लावली, डोळे मिटले अन् "हूं... हूं..." केलं.

"काय म्हणते?" त्यानं विचारलं.

"थकलो म्हणते."

"खरं बोलते बिचारा!" म्हणला, अन् काठी खांद्यावर टाकून चालत गेला. काठी खांद्यावर, पोरी!

*

रेंजरसाहेब एका फारेस्ट गार्डले घेऊन आले. गार्डची रोजचीच बोंब, छातीत दुखते, सुट्टी द्या.

"हा सोंग करते! तसं लिहून द्या, लवकर!" रेंजर कडाडले. घड्याळ पाहत, दुसऱ्याचं वाक्य आपणच पुरं करत, उभे तर एका जाग्यावर कधीच नाई. "मला बघा, वीस वर्षांत एक दिवस सुट्टी..."

तिथीच पडले. पायरीवर.

त्याच गार्डनं त्याईले दोन्ही हातांवर उचलून आत आणलं. उपयोग नाई झाला. गार्ड मंग बाकड्यावर बसून रडला. अन् त्या दिवशी त्याच्या छातीत काईच दुखलं नाई.

*

मंग मी ठरवलं, जो आपलं दुखणं बोलत नाई तोच पडते. तर जंगलातला एक मोहफूल वेचणारा गोंड दादा आला. चार कोस चालत, एकटा.

"दुखतं का?" साहेबांनी विचारलं.

"इतकं नाई."

"इतकं म्हणजे किती?"

"मी आलो ना."

नळी लावली तसं साहेबांनी त्याले उठूच देलं नाई. आठ दिवस खाटेवर ठेवलं. त्यानं हाय म्हणलं नाई, घाईही केली नाई, छताच्या कवेलूकडे पाहत पडून राह्यला. नवव्या दिवशी चांगला होऊन गेला. माझा अंदाज मोडला! बोलत नव्हता तो, पण धावतही नव्हता. यातलं कोणतं माणसाले वाचवते, मले अजून नाई समजलं. तुमच्या पुस्तकात असन तर सांग.

*

आता साहेब. न बोलणारे अन् धावणारे, दोन्ही! तलावाच्या पारीवर, बांधाच्या चढावाले, सायकल चढवताना रोज अर्ध्यात उतरत, डावा हात चोळत, चेन पडली म्हणत उभे राहत. एक दिवस मी जाऊन चेन पाह्यली. घट्ट, तेल घातलेली!

"साहेब, नागपूरले दाखवा."

"मला काय झालंय? तू झाडू मार!"

दुसऱ्या दिवशी सकाळीच मी पेशंटच्या बाकड्यावर लेटली. "साहेब, चढाव आला का छातीवर पाटा ठेवल्यासारखं होते. थांबलं का जाते. डाव्या हातात कळ उतरते. लाजेनं कोणाले सांगत नाई."

साहेबांचा चेहराच उतरला. पयल्यांदा त्याईनं कोणाचं बोलणं मधात तोडलं नाई. नळी लावली. बराच वेळ ऐकलं.

"बाई, नळीत काही सापडत नाही, पण हे लक्षण वाईट आहे. आजच्या मोटारीनं नागपूर. झाडू नाही, पाणी भरणं नाही. ते सांगतील तितके दिवस खाटेवरून उठायचं नाही!" कागद ओढून माझ्या नावाची चिठ्ठी लिहाले लागले. "कधीपासून होतंय हे?"

"तुमची चेन पडाले लागली तेव्हापासून."

पेन थांबला. कंपाउंडर औषध घोटता घोटता थांबला.

साहेबांनी माझ्याकडे पाह्यलं नाई. चिठ्ठीवरचं माझं नाव खोडलं, वरतून आपलं लिहिलं. मंग खुर्चीवरून उठले अन् बाकड्यावर माझ्या बाजूले येऊन बसले.

"मोटार किती वाजता येते?"

जाय आता, तिकडे तुझे पेशंट ओरडून राह्यले.