आईची निळी साडी आणि आंबट पाणी

मी शाळेच्या प्रयोगशाळेत मदतनीस आहे. धाकटी बहीण मला ‘बाटल्या धुणारी’ म्हणून चिडवायची. तिचाच साखरपुडा ठरला तेव्हा आईने ट्रंकेतून स्वतःच्या लग्नातली रेशमी साडी काढली. आमच्यात नवरी पांढरी साडी नेसते. ही घड्यांवर पार पिवळी पडली होती.

‘‘निळी करून आण,’’ आई म्हणाली. ‘‘मला हीच नेसायची हाय.’’

भिवंडीत कापड रंगवणारे खूप, पण सगळे ताग्यांचं काम घेणारे. एका दुकानदाराने साडी उलटसुलट करून परत दिली. ‘‘इतना पुराना सिल्क, फट गया तो?’’

म्हणून घरीच करायचं ठरवलं. रेशमाचा रंग आणला आणि आधी साडीच्या ब्लाउजपीसच्या एका तुकड्यावर करून पाहिलं. पुडीवर लिहिलं होतं, दोन चमचे व्हिनेगर. तेवढंच घातलं. कापड पातेल्यातून छान निळं निघालं, पण धुतलं तसा रंग मोरीत वाहून गेला. हातात उरलं फिकट, ठिपक्याठिपक्यांचं फडकं. आई साडी घेऊन पुन्हा ट्रंकेत ठेवायला निघाली, तेव्हा मला फार वाईट वाटलं.

खालच्या मजल्यावर एक चाचा राहतात. सगळी उमर त्यांची डाइंगमध्ये, म्हणजे कापड रंगवायच्या कारखान्यात गेली. त्यांना फडकं दाखवलं. त्यांनी ते बोटांत चुरगाळलं आणि विचारलं, ‘‘पानी कौन सा लिया?’’

‘‘बोअरिंगचं.’’

‘‘तो रंग को दोष मत दो, बेटी. बोअरिंग का पानी खारा है. दो चम्मच सिरका तो वो यूँ ही पी जाएगा.’’

रेशमावर रंग बसायला पाणी आंबट लागतं, व्हिनेगर त्यासाठीच. पाणी आंबट झालंय की नाही, हे चाचा जिभेवर थेंब ठेवून ओळखायचे. माझ्याकडे त्याहून बरं काहीतरी होतं. दुसऱ्या दिवशी विज्ञानाच्या बाईंना विचारून मी शाळेतून पीएच पेपरच्या पट्ट्या आणल्या.

रंग घातल्यावर पट्टी खरं सांगत नाही, म्हणून आधी साधं पाणीच तपासलं. बादलीभर पाण्यात पट्टी बुडवली, तर हिरवट निळी. दोन चमचे व्हिनेगर घातलं, तरी हिरवीच. चाचांचं म्हणणं तंतोतंत खरं होतं. मग लिंबूफूल घेतलं, जे आपण ढोकळ्यात घालतो. अर्ध्या चमच्याला पट्टी जेमतेम बदलली, एकाला पिवळी झाली, दीड चमच्याला नारिंगी, म्हणजे पुरेसं आंबट. हवं होतं ते हेच. ब्लाउजपीसचा दुसरा तुकडा त्या पाण्यात रंगवला, तीनदा धुतला, रंग हलला नाही.

तेव्हा कुठे साडीला हात लावला. मोठ्या पातेल्यात मोजून लिंबूफूल, मग रंग, मग भिजवलेली साडी. आच मंद ठेवली, उकळू दिलं नाही, आणि दोन लाकडी दांड्यांनी ती सारखी खालीवर करत राहिले. हात भरून आले. आई दारात उभी होती.

तासाभराने दांडीने साडी बाजूला सारली आणि मी बघतच राहिले. पातेल्याचा तळ दिसत होता. शाईसारखं पाणी नितळ झालं होतं, सगळा रंग साडीने ओढून घेतला होता. मी ग्लासभर पाणी काढून धावत खाली गेले. चाचांनी ग्लास खिडकीच्या उजेडात धरला, बराच वेळ बघितला.

‘‘हमारे यहाँ भी रोज़ ऐसा नहीं निकलता था,’’ ते म्हणाले.

पडघ्याला साखरपुड्यात नवऱ्या मुलाच्या मावशीने आईचा पदर हातात घेऊन दुकान विचारलं.

‘‘दुकान न्हाय. माझ्या मोठीनं घरी रंगवलीय,’’ आई म्हणाली, आणि मग तिने पाणी, पट्ट्या, लिंबूफूल सगळं सांगितलं. दोन ठिकाणी चुकीचं सांगितलं. शेजारी बसलेल्या बहिणीने, नवरी असूनही, मधे पडून ते दुरुस्त केलं. मी पोटभर ऐकत होते.