गिरिजाताईंचा विटा

गिरिजाताई आमच्या शांती नगरच्या सोसायटीत तळमजल्यावर राहतात. वय साठीच्या पुढे. माहेर कोल्हापूर, लग्नानंतर लालबाग आणि मग मीरा रोड. बरीच वर्षं त्यांनी डबे पुरवले. आता सोसायटीमागच्या मोकळ्या जागेत संध्याकाळी मुलींना मर्दानी खेळ शिकवतात. लाठी, दांडपट्टा आणि सगळ्यात शेवटी विटा.

विटा म्हणजे दोर बांधलेला, फेकायचा भाला. दोराचं दुसरं टोक फेकणाऱ्याच्या मनगटाला असतं. मराठा फौजेत तो चालवणाऱ्याला विटेकरी म्हणत. शब्दाचं मूळ मी बरंच शोधलं, खात्रीचं काही सापडलं नाही. ताईंना विचारलं तर म्हणाल्या, "ते आमच्या वडलांना, आबांनाही ठाऊक नव्हतं. पण आबा म्हणायचे, भाला गेला की गेला. विटा माघारी येतो."

यंदा खंडेनवमीला त्यांनी शस्त्रं पूजेला मांडली. विट्याचं पातं पाहून आमचे चेअरमन परेशभाई दचकले.

"ताई, ये तो असली है! किसी को लग गया तो? रविवारच्या मीटिंगमध्ये क्लास बंद करायचा विषय घेतो मी."

मुलींचे चेहरे उतरले.

"तुमच्या स्कूटरपेक्षा बरा आहे, परेशभाई," ताई म्हणाल्या. "तिला कुठे दोर बांधलाय?"

सगळे हसले. परेशभाई नाही हसले. "मजाक नको. फेकलेली वस्तू आपल्या हातात राहत नाही."

"मग उद्या दसऱ्याला बघायला या. नाही पटलं तर क्लास मीच बंद करते."

दुसऱ्या दिवशी भिंतीपाशी केळीचा खुंट उभा केला. ताईंनी पदर खोचला, दोर मनगटाला बांधला, त्याची वेटोळी डाव्या हातात घेतली आणि विटा सोडला. तो खुंटात घुसला, एका हिसक्यात सुटला आणि परत त्यांच्या पायाशी आला. टाळ्या पडल्या.

"निशाणा अच्छा है," परेशभाई म्हणाले. "पण मध्येच कोणी आलं तर?"

ताईंनी पुन्हा फेकला. विटा हातातून सुटला आणि त्याच क्षणी उभ्या गाड्यांमागून सोसायटीचा म्हातारा कुत्रा डुलत पुढे आला. मुली किंचाळल्या. ताईंनी मूठ आवळली, एक गुडघा टेकला आणि अंग मागे झोकलं. कोणी नाव घेऊन हाक मारावी तसा विटा हवेतच अडला, वळला आणि कुत्र्याच्या अलीकडे मातीत पडला. कुत्र्याने तो हुंगला आणि पुढे निघून गेला. मी हे डोळ्यांनी पाहिलं, तरी अजून पुरतं पटलेलं नाही.

या वेळी कोणीच टाळ्या वाजवल्या नाहीत. ताईंचा तळवा दोराने सोलला होता. त्या शांतपणे दोर गुंडाळत होत्या.

परेशभाई हळूच जवळ गेले. "ताई, ये कैसे सीखा?"

"आबांनी वर्षभर विटा हातात दिलाच नाही. नुसता दोर. विहिरीतली भरली घागर ओढायची, तीही एका हाताने."

रविवारच्या मीटिंगमध्ये पाण्याच्या टाकीवरून भांडण झालं. क्लासचा विषय परेशभाईंनी काढलाच नाही.

सोमवारी संध्याकाळी परेशभाईंची मुलगी हेमाली मुलींच्या रांगेत शेवटी उभी होती. नंबर आल्यावर तिने विट्यासाठी हात पुढे केला. ताईंनी त्या हाताला दोर बांधला. दुसऱ्या टोकाला पाण्याने भरलेली बादली होती.

"हं," ताई म्हणाल्या, "ओढ."