केशरी ओळ

नवी पेठेत एका साडीच्या दुकानावर, अरुंद जिन्यानं वर गेलं की बसलिंगप्पांचं वधू-वर केंद्र लागतं. बसलिंगप्पा शाळेतून हेडमास्तर म्हणून रिटायर झाले आणि लग्नं जुळवायला लागले. तिकडं पोरांना बाकावर उभं करायचे, इथं आईबापांना खुर्चीवर बसवतात, आवाज तोच. त्यांच्याकडं कंप्यूटर सांभाळते ती दानेश्वरी. मंद्रूपहून सकाळच्या एसटीनं येते, संध्याकाळच्या एसटीनं जाते.

ती आली तेव्हा सगळी स्थळं चपलांच्या रिकाम्या खोक्यांत होती. मुली एका खोक्यात, मुलं दुसऱ्यात, आणि पहिली बायको वारलेले किंवा घटस्फोट झालेले बिजवर तिसऱ्यात. कुणाचा फॉर्म कुठल्या खोक्यात गेला हे बसलिंगप्पांना तरी ठाऊक असायचं की नाही, देव जाणे. दानेश्वरीनं ते सगळं एक्सेलमध्ये घातलं आणि भिंतीवरच्या टीव्हीला जोडून दिलं. वर तिनं रंगांची सोय केली. लग्न ठरलं की अख्खी ओळ आपोआप हिरवी, फोटो यायचा असला की पिवळी. बसलिंगप्पांना वाटायचं, पोरगी रोज बसून हातानं रंगवते. ती समजावून सांगायची, "काका, मी रंगवत न्हाय. मी नुसती अट घालते. अट खरी झाली की रंग आपला आपण येतो." बसलिंगप्पा मान डोलवायचे आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा विचारायचे, आज रंगवलीस का.

हे काम तिला मनापासून आवडायचं. उगाच कशाला लपवा? घरात तिचं कुणी ऐकत नव्हतं, इथं शेकडो ओळी तिचं ऐकत होत्या.

मग एकदा बसलिंगप्पा म्हणाले, "तिशी ओलांडलेली स्थळं वेगळी दिसू देत की. बघणाऱ्यांना बरं पडतंय." दानेश्वरीनं अट घातली: वय तीस किंवा जास्त, तर ओळ केशरी. केशरी तिनं निवडला तो सणासुदीचा रंग म्हणून. वय तर जन्मतारखेवरून रोजच्या रोज मोजलं जात होतंच. पण झालं काय, करायला गेले गणपती आणि झाला मारुती. टीव्हीवर निम्म्याहून जास्त मुलंच केशरी झाली. मुलगा चांगला शिकून कमवायला लागेपर्यंत तिशी उलटतेच, त्यात नवल ते काय? पण मुलांच्या आया खवळल्या. काशम्मा म्हणून एक बाई होत्या, स्वतःचा मुलगा बत्तीसचा. त्या म्हणाल्या, "माझं लेकरू काय नासलेला आंबा हाय व्हय?"

बसलिंगप्पांनी दानेश्वरीला आत बोलावलं. "मुलांना नको लावूस गं. मुलींनाच लाव."

आता इथं ती काहीतरी बोलायला हवी होती. ती बोलली नाही. तिच्या डोक्यात नुसता फॉर्म्युला फिरत होता. तिनं 'अँड' घातला: वधू असेल आणि वय तीस किंवा जास्त असेल, दोन्ही खरं असेल तरच केशरी. एंटर दाबल्याबरोबर मुलं पांढरीशुभ्र झाली आणि मुली तेवढ्या केशरी उरल्या. फॉर्म्युला पहिल्या फटक्यात बरोबर आला म्हणून ती खूश झाली होती. त्या खुशीची तिला पुढं लई चीड आली.

कारण रंग बोलायला लागला. लोक जिना चढून यायचे आणि बसायच्या आधीच म्हणायचे, केशरीतली दाखवू नका. मग त्या मुली कुणाला दाखवायच्या? बिजवरांना. हे कुणी ठरवलं नाही, कुणी लिहिलं नाही, पण दिवाळीपर्यंत तो नियमच होऊन बसला.

त्याच यादीत दानेश्वरीचीही ओळ होती. नोकरीला लागली त्याच दिवशी तिच्या अप्पांनी, ईरप्पांनी, बसलिंगप्पांना सांगितलं होतं की हिचंही नाव घाला, आणि ते तिनं स्वतःच टाइप केलं होतं. लग्नाला तिचा विरोध नव्हता. दोन स्थळांना तिनं नाही म्हटलं, एकानं तिला नाही म्हटलं, एवढंच. आपल्याला विचारून व्हावं, मनात बसेल त्यालाच हो म्हणावं, यापलीकडं तिचं काही मागणं नव्हतं. आणि तिचा तिसावा वाढदिवस आला.

त्या सकाळी फाइल उघडली तर तिची ओळ केशरी. ती आज केशरी होणार हे तिला माहीत होतंच. ऑफिसात अजून कुणी नव्हतं. तिनं फॉर्म्युल्यात तिसरी अट घुसडली: अनुक्रमांक आपला नसावा. ओळ पांढरी झाली. बाकीच्या केशरी मुलींकडं मात्र तिला बघवेना. त्यांच्या अटी लिहिणारं त्यांचं कुणी नव्हतं.

दुपारी टीव्हीसमोर काशम्मा आणि आणखी तीन माणसं जमली असताना नेमके अप्पा आले, लेकीच्या वाढदिवसाचे पेढे घेऊन. बसलिंगप्पांनी पेढा तोंडात टाकला, आशीर्वाद दिला आणि सवयीनं टीव्हीकडं पाहिलं. जन्मभर हजेरी घेतलेला माणूस तो, त्याच्या नजरेतून काय सुटणार!

"दानेश्वरी, तुला आज तीस लागलं न्हवं? मग तुझी ओळ पांढरी कशी? बघ की, फॉर्म्युला चुकला वाटतं."

सगळे वळून तिच्याकडं बघायला लागले. आपलेच दात आणि आपलेच ओठ. ओरडायचं तरी कुणाच्या नावानं? तिनं रूल्सची खिडकी उघडली आणि तो केशरी नियम मुळासकट डिलीट केला. क्षणात साऱ्या केशरी ओळी तिच्या ओळीसारख्याच पांढऱ्या झाल्या.

"काका, हा रंग मी काढला," ती म्हणाली. "परत घालणार न्हाय."

बसलिंगप्पा काही बोलायच्या आत काशम्माच म्हणाल्या, अगदी मायेनं, "ऱ्हाऊ दे की बाई. रंग कशाला पायजे? कोण कोण तितं होती, आमाला पाठ हायत." आणि त्यांनी भिंतीकडं बोट करून एकेक नाव सांगायला सुरुवात केली, भुवनेश्वरी, दाक्षायणी, ती मंगळवार पेठेतली मास्तरीण. एक नाव चुकलं नाही. शेवटी थांबून त्यांनी दानेश्वरीकडं पाहिलं आणि पेढ्याचा कागद घडी करून पिशवीत ठेवला.

दानेश्वरीचा हात माउसवर तसाच राहिला. पुसायला आता काही उरलं नव्हतं.

अप्पांनी टोपी काढून गुडघ्यावर ठेवली, पुन्हा घातली. वाईट माणूस नव्हता तो. लेकीवर रागावलेही नव्हते, आणि तेच तिला सोसेना. मग ते बसलिंगप्पांकडं सरकून हळू म्हणाले, "मास्तर, बिजवरातलं कुणी बरं असंल तर सांगा. लेकरं असली तरी चालंल."

"असं कसं, हाईत की चांगली चांगली," बसलिंगप्पा म्हणाले. "दानेश्वरी, ती बिजवरांची एक प्रिंट काढ अप्पांसाठी."

एसटीला अजून अवकाश होता. जिन्याच्या तोंडाशी माणसं होती. आजच नोकरी सोडली तरी घर अप्पांचंच होतं आणि अप्पा इथं बसले होते. तिनं प्रिंट काढली आणि वडिलांच्या हातात दिली.

ईरप्पांनी कागद लांब धरून पाहिला, जवळ आणून पाहिला आणि तिच्यापुढं केला. "चष्मा घरीच ऱ्हायलाय गं. तूच वाच."

खोली ऐकायला थांबली होती. दानेश्वरीनं कागद घेतला आणि पहिलं नाव वाचलं.